जामसावळी, सौसर, सांबार

त्या दिवसांत आमच्या घरात कोणी बसून जेवलं असं मला आठवत नाही. बाबा उभ्याउभ्याच पोळीचा तुकडा मोडायचे आणि दाराकडे बघत चावायचे. आई वाढता वाढता मध्येच थांबून कान टवकारायची. मोठी आई ताटावर बसायची खरी, पण भात इकडचा तिकडे करायची, आणि फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटली की उष्टा हात तसाच घेऊन ओसरीत जायची. कडी वाजलेली नसायची. आमचं घर पांढुर्ण्यात स्टेशनच्या अंगाला. गाडी आली की मांडणीवरची भांडी थरथरत. जन्मापासून ऐकलेल्या त्या आवाजाची आधी आम्हाला शुद्धही नसायची; आता तो दर वेळी छातीत येऊन थांबायचा. गाडी इटारसीकडची असो की नागपूरकडची, ती थांबली की घरातलं बोलणं थांबे, आणि उतरलेल्या माणसांची वर्दळ रस्त्यावरून ओसरेपर्यंत अर्धं राहिलेलं वाक्य कोणी पुरं करत नसे.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई त्यांची बायको. त्यांना मूल झालं नाही. बाबांचा संत्र्याचा धंदा. बहार सुरू झाला की ते बागांमधून आणि मंडईतून हिंडत, आई पेट्यांच्या आणि मजुरांच्या मागे, त्यामुळे मला वाढवलं ते या दोघांनीच. मोठे बाबा मास्तर होते. सकाळच्या बसने सौसरकडच्या शाळेत जात आणि दिवेलागणीला परत येत. येताना खिशात माझ्यासाठी बोरं, चिंचा, कधी नुसतंच एखादं गुळगुळीत बी असे. रिटायर झाल्यावर काही काळ चांगला गेला, मग ते विसरू लागले. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पण नाव कळून उपाय थोडाच होतो. विसरता विसरता ते मागे मागे जाऊ लागले. आधी रोज शाळेत निघायचे. मग शाळाही मागे पडली आणि ते थेट आपल्या लहानपणाच्या गावात जाऊन राहिले. मोत्या आणि खैऱ्या या कधीच्या मेलेल्या बैलांना पाणी दाखवायचं राहिलं म्हणून कासावीस होत. बहिणीला हाका मारत. गंगूबाई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मोठ्या आईला मात्र ते मान देऊन विचारत, "तुमी कोणाच्या घरच्या जी?"

एके सकाळी आंघोळ करून, भांग पाडून ते घराबाहेर पडले. फलाटावरच्या चहावाल्याने त्यांना पाहिलं होतं. "मास्तर, कोठी?" त्याने विचारलं. "सोसरले," ते म्हणाले. सौसरला आमच्याकडून गाडी नाही, बसच आहे, पण चहावाल्याला वाटलं मास्तर गंमत करताहेत. त्या वेळी दोन्ही फलाटांवर गाड्या उभ्या होत्या. गर्दी पांगली तेव्हा मास्तर नव्हते. एक गाडी दिल्लीच्या दिशेने गेली होती आणि एक मद्रासच्या.

बाबा इटारसी, भोपाळ करून आले, मग वर्धा, बल्लारशा. पोलिसांत तक्रार दिली. पेपरमध्ये फोटो छापला. मी तेव्हा पुण्याला नोकरी करत होते. फोन आला तशी निघाले, आणि घरी पोचून पाहते तो कोणालाच काही करता येत नव्हतं आणि कोणालाच स्वस्थ बसवत नव्हतं. मी बॅगसुद्धा उघडली नाही. रोज त्याच दोन कपड्यांत घर ते स्टेशन, स्टेशन ते बसस्टँड अशा चकरा मारत राहिले. बसस्टँडवर काय मिळणार होतं मला? पण घरात बसलं की मोठ्या आईची बोटं दिसायची. तिच्या मांडीवर ती सारखी काहीतरी निवडल्यासारखी हलायची, आणि तिच्यासमोर भाजी नसायची.

माझी पुण्यातली नोकरी हा घरात एरवी थट्टेचा विषय होता. "लोकाईले काय सांगाव, काय करतं तू तिथं?" असं बाबा विचारायचे आणि मला धड सांगता यायचं नाही. इंटरनेटवर कोणी काही शोधलं की हजारो पेजेस निघतात, त्यात आमच्या गिऱ्हाइकाचं पेज सगळ्यात वर यावं एवढंच आमचं काम. गाद्यावाले, टाइल्सवाले, लग्नाचे हॉलवाले अशी गिऱ्हाइकं. "म्हणजे जत्रेत दुकान समोर लावून देतं," बाबा म्हणाले होते. तसंच काहीसं. आजच्या मुलांना हे सांगायची गरज पडत नाही. माझी मुलगी तर फोनला तोंडी प्रश्न विचारते आणि मशीन तिला लिहिलेलं उत्तर देतं, पेज उघडावंही लागत नाही. तेव्हा मात्र शब्द टाईप करायचे आणि यादी वरून खाली वाचत जायची, एवढंच होतं.

बसस्टँडजवळ डोंगरे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथेच शिकलेली. सरांनी खिडकीजवळचं एक मशीन मला देऊन टाकलं आणि कधीच काही विचारलं नाही. मी शोधायला बसले. मोठ्या बाबांचं नाव टाकलं. मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं, आडनाव आधी, आडनाव नंतर. 'पांढुर्णा' टाकलं तर गोटमारीचे, म्हणजे दोन गावांनी एकमेकांवर दगड फेकायच्या जत्रेचे, फोटो आले, डोकी फुटलेले लोक आणि जाम नदीच्या दोन्ही काठांवरची गर्दी. जगाला आमच्या गावाबद्दल एवढंच माहीत होतं. त्याखाली रेल्वेचं टाइमटेबल. 'हरवलेले वृद्ध' टाकलं तर अख्ख्या देशातले हरवलेले म्हातारे. मी पानामागून पान उलटत गेले. जिथवर कोणी जात नाही तिथवर गेले. आमच्या कंपनीत म्हणायचे, दुसऱ्या पानावर गेलेलं पेज मेलं समजा. मी त्या मेलेल्या पेजांमधून संध्याकाळपर्यंत फिरत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथूनच सुरू करत होते. आपण छापलेली जाहिरात तरी दिसावी म्हणून ती शोधली, तर पेपरच्या साइटवर असूनही ती सापडेना. मग लक्षात आलं की त्या वेळच्या पेपरांचे फॉन्ट असे होते की डोळ्यांना मराठी दिसे, पण मशीनला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटे. मशीनच्या लेखी त्या जाहिरातीत मोठ्या बाबांचं नावच नव्हतं.

त्या दुपारी मी हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे पाहत बसले, आणि पुण्यातल्या पहिल्या आठवड्यात आम्हाला घोकवलेली एक गोष्ट आठवली. गादीचा मालक आपल्या गादीला भारदस्त इंग्रजी नाव देतो आणि हट्ट धरतो की तेच पेजवर लिहा. पण पाठ दुखणारा माणूस ते नाव टाईप करत नाही. तो टाईप करतो, 'पाठ दुखते, कोणती गादी घ्यावी'. मालकाचे शब्द नकोत, शोधणाऱ्याचे शब्द घ्या. मी इतके दिवस मालकाचे शब्द टाईप करत होते. मोठे बाबा जिथे कुठे होते, तिथे त्यांचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नव्हतं. पण ते बोलत असणार. त्यांच्याजवळ कोणीतरी असणार, ते ऐकत असणार, आणि त्यातला एखादा कधीतरी वैतागून किंवा कळवळून, हा म्हातारा सारखं काय म्हणतो म्हणून तो शब्द इंटरनेटवर टाकून बघणार. त्या वेळी त्याला काहीतरी सापडायला हवं होतं. आम्ही शोधून उपयोग नव्हता; सापडायचं आम्ही होतं.

मी जवळजवळ धावतच घरी आले. दिवे लागायची वेळ. आईने गोळाभात केला होता, कारण मोठ्या आईच्या पोटात तेवढाच उतरायचा. गरम भातावर डाळीचा गोळा फोडून वर तेल सोडल्याचा वास घरभर होता. मी सगळ्यांना सांगितलं की मी एक पेज बनवणार आहे आणि त्यात मोठे बाबा हल्ली जे जे बोलायचे ते सगळं लिहिणार आहे. बैलांची नावं, गंगूबाई, सगळं.

बाबा घास हातात घेऊन थांबले. "सगळं म्हणजे?"

"ते विसरले, हे पण. नाव सांगू शकत नाहीत, हे पण."

"मास्तरचं नाव आहे गावात," बाबा म्हणाले. "अर्धा तालुका त्याईच्या हाताखालून गेला. अन् आता तू दुनियाभर लिहून लावतं का, का आमचा मास्तर येडा झाला? बैलाईले हाका मारून राहिला? उद्या पोट्टे हासतीन."

"बाबा, नाव कोणी शोधणारच नाही—"

"माह्या भावाचं हसू नाही करू देत मी. फोटो टाक, नाव टाक, पत्ता टाक. बस."

मी चिडले. बाबांवर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. आई मध्ये पडली. मोठी आई मात्र उठून आत गेली आणि आम्हाला वाटलं ती रडायला गेली. ती हात धुऊन आली होती. माझ्यासमोर पाय दुमडून बसली आणि म्हणाली, "लिहून घे."

"वहिनी—" बाबा म्हणाले.

"तुमी चूप राहा भाऊजी. हसणाऱ्याईनं हसाव. हसता हसता कोणी फोन तं करन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मोत्या अन् खैऱ्या. खैऱ्याले ते 'खैरू' म्हणत. सकाळी उठले का म्हणत, जामसावळीच्या मारुतीले जा लागते, नारळ घे. जेवाले बसले का म्हणत, सांबार नाही टाकला. टाकला असला तरीबी म्हणत."

ती सांगत गेली. ती दोन वर्षं त्यांच्यामागे रात्रंदिवस होती, आणि आम्ही ज्याला बडबड म्हणायचो त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता. हळूहळू आईला आठवू लागलं. मग, भिंतीकडे तोंड करून, बाबांनाही. लहानपणी दोघे भाऊ नदीत डुंबायचे तेव्हाची एक हाळी होती, ती मोठे बाबा हल्ली पुन्हा घालू लागले होते. बाबांनी ती हळू आवाजात घालून दाखवली.

"आणि तुझं नाव?" मी मोठ्या आईला विचारलं. "सुमन लिहू ना?"

तिने मान हलवली. "ते माहं नाव नाही घेत. जे घेत नाही ते काहून लिहतं? कामाचं तेवढंच लिही." आणि भाताचं भांडं उचलून आत घेऊन गेली.

मी पेज बनवलं. अगदी साधं, रंग नाही, सजावट नाही. आमचे शब्द मराठीत लिहिले, हिंदीत लिहिले, मग परक्या कानाला ते कसे ऐकू येतील याचा विचार करकरून इंग्रजी अक्षरांत लिहिले. सौसर, सोसर, सौंसर, सोनसर. पांढुर्णा, पांडुर्ना, पंडूरना. मोठी आई विचारायची, "एवढ्या मोठ्या दुनियेत एवढंसं पान कोणाले दिसन?" मी तिला सांगितलं की सर्च इंजिन हे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दांची सूची करून ठेवतं, कोणता शब्द कोणत्या पेजवर आहे याची. 'म्हातारा' शब्दाखाली लाखो पेजेस असतील, तिथे आपला नंबर लागणार नाही. पण 'जामसावळी' आणि 'खैरू' एकत्र असलेलं पेज जगात दुसरं नाही. ते दोन शब्द कोणी टाकले, की पहिलं आपलंच. तिने ते दोन शब्द पुटपुटून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे आमचं कोणाले समजत नाही तेच कामी पडन."

पण पेज बनवलं म्हणून ते सूचीत येत नाही. सर्च इंजिनचा प्रोग्रॅम एका पेजवरच्या लिंकवरून दुसऱ्या पेजवर असा हिंडत असतो. ज्या पेजकडे कोणाचीच लिंक जात नाही, तिथे तो सहसा फिरकतच नाही. मी रोज सकाळी आमचे शब्द टाकून बघायची. काही नाही. दुपारी बघायची. काही नाही. पुण्याहून साहेबांचा फोन यायचा, कधी येतेस. मी म्हणायची, येते, आणि फोन ठेवून पुन्हा बघायची. साहेबांनी कंपनीतल्या एका जुन्या युक्तीची आठवण करून दिली. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत हजार शब्द भर, वर येईल. पण मी अशी पेजेस एका दिवसात वर आलेली आणि पकडली जाऊन सूचीतून कायमची गेलेली पाहिली होती. ते मला परवडणार नव्हतं. मग मला इंटरनेटवर रेल्वेचं वेड असलेल्या लोकांचा एक कट्टा सापडला. ही माणसं गाड्यांचे डबे, इंजिनं, वेळा यांवर दिवसभर लिहीत. मी तिथे विचारलं, त्या सकाळी त्या वेळी पांढुर्ण्याला उभ्या असलेल्या दोन गाड्या कोणकोणत्या, आणि खाली माझ्या पेजची लिंक दिली. त्यांनी गाड्या तर सांगितल्याच, पण त्यांतल्या कितीतरी अनोळखी लोकांनी आपापल्या पेजवर ती लिंक लावली. थोड्याच दिवसांत मी 'जामसावळी' टाकलं आणि पहिल्याच ओळीत आमचं पेज. मी डोंगरे सरांच्या क्लासमध्ये सगळ्यांसमोर रडले.

त्यानंतरचं थांबणं आधीच्यापेक्षा वाईट होतं. आधी काही करायचं तरी होतं. पेजवर नंबर दिलेला बाबांचा मोबाईल दिवसभर ओसरीच्या कठड्यावर ठेवलेला असे आणि त्याच्याभोवती आम्ही. कोणी चेष्टा करायला फोन करी, कोणी नुसताच पत्ता विचारी. आणि मग एका दुपारी एका बाईंचा फोन आला. मोडकं हिंदी. नेल्लोरच्या अलीकडे कुठेतरी निराधारांचा आश्रम होता, त्या तिथे काम करत. नाव लक्ष्मी.

"आपका आदमी इधर है, मेरे को लगता," त्या म्हणाल्या. "सोसर बोलता. जामसावली बोलता. मेरा भांजी कॉम्प्युटर में डाला, आपका लिखा हुआ निकला. और एक बात, मॅडम. सांबार माँगता. हम देता, तो गुस्सा होता, बोलता ये सांबार नहीं."

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी बाईंचं बोलणं मोठ्याने सांगितलं आणि आई पदर तोंडाला लावून हसू लागली. बाबा हसले. मोठी आई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग आम्ही सगळे रडत होतो. लक्ष्मीबाईंनी मेलवर फोटो पाठवला. डोकं भादरलेलं, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, फोटो हललेला. बाबा म्हणाले, तेच. मी म्हटलं, तेच. मोठी आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चाला."

ती सोबत पाटवड्या घेऊन निघाली, ठेचा घेतला, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सांबाराची जुडी. गाडीत ती खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनवर फलाट न्याहाळत होती, जणू ते अजून कुठल्यातरी बाकावर बसलेले असतील. बाबा डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होते. मला वाटत होतं गाडी मुद्दाम हळू चालली आहे.

आश्रमाचं अंगण स्वच्छ सारवलेलं होतं. नळाजवळ एक माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता. लक्ष्मीबाई पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "देखो, तुम्हारा लोग आया." तो वळायच्या आतच मोठी आई थबकली होती.

"हे ते नोहोत," ती म्हणाली.

बाबा तरीही पुढे गेले, त्याच्यासमोर उकिडवे बसले, त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि मग तसेच उठून भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. सगळे शब्द बरोबर होते. मीच ते निवडले होते, मीच ते वर आणले होते. पण शब्द मोठ्या बाबांचे एकट्याचे कुठे होते? ते आमच्या सगळ्या मुलखाचे होते. यंत्राने दिलेला शब्द तंतोतंत जुळवून दिला होता. त्याची काहीच चूक नव्हती, आणि मला त्या क्षणी ते यंत्र दगडाने फोडावंसं वाटत होतं.

मोठी आई मात्र त्या माणसाजवळ जाऊन खाली बसली. "कोठचे जी तुमी?"

मग त्याचे ओठ हलू लागले. "लोधीखेडा," तो म्हणाला.

"अगा बापा! मंग सोसर काहून सांगतलं?"

"लोधीखेडा कोणाले समजून राहिला इथं? सोसर मोठं हाय, म्हून सोसर सांगो. त्याईले सोसरबी नाही समजे." आणि एकदम तिच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "सांबाराचा वास येऊन राहिला बाई."

तिने पिशवी सोडली. नवऱ्यासाठी केलेल्या पाटवड्या तिने त्याच्या हातावर ठेवल्या, सांबाराची पानं खुडून वर टाकली, आणि तो खाईपर्यंत पदराने माशा वारत बसली. तिचा चेहरा आजही मला नीट सांगता येणार नाही. तो दुःखी होता असं म्हटलं तर खोटं होईल.

त्याचं नाव देवराव. डोक्यावर परिणाम होऊन कधीकाळी घरातून निघालेला. आता औषधांनी बराच निवळला होता. घर सांगून सांगून थकला होता. आश्रमाचं आणि पोलिसांचं काम बाबांनी मुकाट्याने पुरं केलं आणि आम्ही त्याला घेऊन आलो. लोधीखेड्याला त्याचं घर शोधायला काहीच वेळ लागला नाही. पिठाने भरलेल्या हातांनी एक बाई दारात आली. ती त्याची मुलगी. तो निघाला तेव्हा ती शाळकरी होती. तिने त्याला ओळखलं नाही. त्याने तिला 'बेबी' म्हटलं तेव्हा तिच्या हातून परात पडली. त्या घरात त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरण, भात, वांग्याची भाजी. मोठी आई मांडी घालून बसली आणि पोटभर जेवली. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते पान राहू दे. काढू नको."

मोठे बाबा सापडले नाहीत. हे मी इथेच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला आशेवर टांगून ठेवणं काय असतं ते मला माहीत आहे. आणखी फोन आले, आणखी दोनदा बाबा जाऊन आले, दोन्ही वेळा कोणी दुसरंच होतं. मोठी आई गेली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं. ते पुसायचं की नाही याबद्दल तिला कोणी कधी विचारलं नाही. मी पुण्याला परत गेले, पण ती नोकरी टिकली नाही. गादीवाल्याचं पेज वर आणताना माझा हात चालेना. लग्न, मुलगी, दोन-तीन गावं, बरंच काही झालं. आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, आणि गावाचं नाव टाकलं की दगडांच्या आधी कलेक्टर ऑफिस येतं. मी अजूनही आठवड्यातून एकदा ते शब्द टाकून बघते. का, ते मला सांगता येत नाही. हात जातोच.

पण त्या लोधीखेड्याच्या जेवणानंतरचे काही महिने, मी पुण्याला जाईपर्यंतचे, मला लिहून ठेवायचे आहेत. देवराव घरी आल्याची बातमी पसरली आणि आमच्या ओसरीवर लोक येऊ लागले. ज्यांचं कोणी निघून गेलं होतं, परत आलं नव्हतं, असे लोक. एवढ्याशा मुलखात इतके असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ते फोटो घेऊन यायचे, लग्नातले, रेशनकार्डावरचे. मी ते हातात घेऊन बघत बसायची. बोलायची ती मोठी आई.

एकदा नदीपलीकडून, सावरगावाहून, एक म्हातारी आली. मुलगा कामासाठी सुरतेकडे गेला तो गेलाच. तिने कनवटीची पुरचुंडी सोडून फोटो काढला, तो मला दिला, आणि हात जोडून बसली. मी फोटो बघत होते. मोठ्या आईने माझ्या हातून तो घेतला, पालथा करून बाजूला ठेवला, आणि तिच्याजवळ सरकली.

"फोटो राहू दे, माय," ती म्हणाली. "पोरगा घरात काय बोले, ते सांग."

म्हातारीला प्रश्न कळला नाही. "काय बोले म्हणजे? साधाच बोले जी. सगळेच बोलते तसा."

"तसंच सांग. सकाळी उठला का काय म्हणे?"

रस्त्यावरून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी वही उघडली नाही, नुसती बसून राहिले. त्या दिवसांत मी पहिल्यांदाच इतकी शांत बसले असेन. म्हातारीने पदराने तोंड पुसलं, गळा साफ केला, आणि एकदम आवाज बदलून, जाड्या पुरुषी आवाजात म्हणाली, "'माय, चाय झाली का व?' असा म्हणे. आंगावरची चादर नाही काढे, तशीच घेऊन चुलीजवळ ये. अन् चाय हाती दिली का म्हणे, 'गोड नाही झाली.' रोज म्हणे. मी म्हणो, लेका, अर्धा डबा साखर टाकली, अजून किती गोड पाहिजे तुले..."

आणि ती बोलत गेली.